सूचौ आलं, उतरा

२४ सप्टेंबर

काल एक वाक्य बोललो. आज त्याची खरी किंमत मांडली.

वाक्य असं: "चीनमधलं एकही मोठं शहर असं नाही, जिथं माझ्या ट्रकचं ऑइल सांडलेलं नाही." मेहुण्याच्या अंगणात बोललो. मेहुणा म्हणजे हिचा थोरला भाऊ, पेई शौत्सांग. मातीच्या बोळक्यात काढ्यासारखा कडू चहा उकळतो, आणि तो पाजता पाजता समोरच्याकडून काहीबाही वदवून घेतो. त्यानं चहा गाळला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मग दाखवा की, दाजी."

तर किंमत. वेगवान गाडीची शिआनपर्यंतची तीन तिकिटं, शिआनहून सूचौची तीन. त्यातली मेहुण्याची माझ्याच खिशातून, कारण "दाखवा" म्हणणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. खोल्यांचं भाडं. हिचे नवे बूट. मेहुण्याचा नवा दात. सहल ठरली म्हणूनच बसवतोय असं तो म्हणतो. साडेसहा हजार युआनच्या वर गेलं. लेक याओनं फोनवर निम्मे पाठवते म्हटलं. मी "बापाला पैसे पाठवायचे दिवस अजून यायचेत" असं म्हणालो. हे दुसरं वाक्य, तेही महागच पडलं.

पण खरं कारण सहल नाही. आमची एकुलती एक याओ सूचौला चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथल्याच गू नावाच्या घरातल्या मुलाशी तिचं जमलंय. मुलगा चांगला, कमी बोलतो. त्याची आजी एक ऑक्टोबरला नव्वदीची होते. त्या दुपारच्या जेवणाला दोन्ही घरं एका टेबलावर बसली, की आजी आपल्या हातातली कंकणं काढून याओच्या हातात घालणार. मुलाच्या आईनं मात्र अजून हो म्हटलेलं नाही. आधी माणसं बघते, म्हणाली. याओनं फोनवर फार हळू आवाजात सांगितलं, "बाबा, एक दिवस. फक्त एक दिवस फुशारकी मारू नका."

मी म्हटलं, माझ्याइतका मितभाषी माणूस तालुक्यात दाखव. ती हसली नाही.

२५ सप्टेंबर

मनात एक धंदा आहे, तो इथं लिहून ठेवतो. ट्रक विकून वर्ष झालं. घरात बसलं की ही मला कांदे निवडायला लावते. आमच्या तालुक्यात साठी ओलांडलेली कितीतरी माणसं अशी आहेत, ज्यांनी बटाटा सोडून जगात काही पाहिलेलं नाही. पोरं शहरात, हातात थोडे पैसे, आणि भीती: कुठं उतरायचं, कुठं खायचं, परत कसं यायचं. अशांना शहरं दाखवायची. नाव ठरवलंय: "पहिल्यांदा निघालात?" पाटी रंगवायला सांगितली आहे. ही सहल म्हणजे रंगीत तालीम.

पहिल्यांदा निघालेल्यानं कुठली शहरं बघावीत, यावर आज मेहुण्याशी वाद. तो म्हणतो बीजिंग, दुसरं काही नाही. राजवाडा, भिंत, चौक, फोटो, घरी. मी म्हटलं, बीजिंग चांगलं, तिथले वजनकाटे खरे. पण सुरुवात छंगदूनं करावी, तिथले हमाल आधी जेवू घालतात मग पोती उतरवतात. वूहानला उन्हाळ्यात जाऊ नये, माल घामेजतो. ग्वांगचौला बटाट्याला भाव नाही, पण बारा महिने हिरवा भाजीपाला. आणि शांघायचं मला विचारावं. शांघायला मी जितक्या वेळा गेलोय तितका आमच्या तालुक्यातला एकही अधिकारी गेलेला नाही, आणि ते सरकारी खर्चानं जातात.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही शहरं सांगताय की बाजारभाव?"

त्याला प्रवासाचा गंध नाही.

संध्याकाळी याओचा फोन. लाइन सारखी तुटत होती. सूचौचं काहीतरी सांगत होती, "दोन आहेत बाबा, दोन, नीट बघा." मी म्हटलं दोन नाही बाळ, तीन, मामापण येतोय. तिकिटं तिन्ही माझ्याजवळ आहेत. पुढं अक्षराचं काहीतरी म्हणाली आणि लाइन गेली. इतक्या लांब राहून पोरगी तिकिटांची काळजी करते.

२७ सप्टेंबर, शिआन

डोंगर, बोगदा, डोंगर, बोगदा, आणि शिआन. ट्रकनं यायला रात्र जायची. ही गाडीत खिडकीला नाक लावून बसली होती. बोगदा आला की स्वतःचंच तोंड बघून केस सारखे करायची.

गाडीतली आणखी एक गोष्ट. माझे कान. ज्यांनी दीडदोनशे ढाब्यांवर जेवण घेतलंय त्यांचे कान तयार होतात. मागच्या बाकावरची माणसं दोन वाक्यं बोलली आणि मी हिला सांगितलं, नवरा त्येनश्वेचा, बायको हानचोंगची, आणि त्यांचं भांडण सासूवरून आहे. मेहुण्यानं जाऊन विचारलं. बरोबर निघालं. सासूचंसुद्धा. माणसाच्या तोंडावर काय लिहिलंय ते खोटं असू शकतं, पाटीवर काय लिहिलंय तेही; कानाला फसवता येत नाही. पाट्या मी फार वाचत बसत नाही.

दुपारी खरं शिआन दाखवायचं म्हणून त्यांना उत्तरेच्या बाजारात नेलं, जिथं मी माल उतरवायचो. बाजार नाही. त्या जागी काचेची इमारत, आत लहान पोरांना बर्फावर घसरायला शिकवतात. आम्ही तिघांनी काचेतून बघितलं. मेहुणा म्हणाला, "बटाटे इथंच घसरायचे का?"

शहर बदलतं. धंद्यात हे लक्षात ठेवायला हवं.

२८ सप्टेंबर, शिआन

मातीचे सैनिक बघितले. आम्ही कठड्याला रेलून उभे आणि खाली रांगाच्या रांगा. ज्या छिन राजाचे हे सैनिक, ते छिन लोक मूळचे आमच्याच बाजूचे, त्यामुळे परक्या माणसांत आल्यासारखं वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी चावडीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. हिनं त्यात आमच्या पोस्टमनला ओळखलं. मेहुणा बराच वेळ शोधत होता, मग मला दंडाला धरून एका ठिकाणी नेलं. "हे बघा तुमचे पूर्वज. नाक तेच, पोट तेच. फक्त हे तोंड मिटून उभे आहेत."

बाजूला उभी असलेली अनोळखी माणसंही हसली. मीही हसलो, नाक खरंच तेच होतं.

संध्याकाळी तटावर गेलो. शिआनचा तट इतका रुंद की वरून दोन ट्रक समोरासमोर जातील. तिथं भाड्यानं सायकली मिळतात, दोघांनी मिळून चालवायच्यासुद्धा. हिनं आयुष्यात सायकल चालवली नाही. म्हटलं मागं बस, पाय नुसते ठेव. बसली. थोड्या वेळानं जाणवलं, आपण जोर लावत नाही आणि सायकल पळतेय. मागं बघितलं तर बाई दात विचकून, नव्या बुटांनी कचाकचा पेडल मारत होती. एका बाजूला शहराचे दिवे लागत होते, खाली कोणी पतंग उडवत होतं, आणि ही ओरडत होती, "अहो, रस्ता मोकळा ठेवा म्हणावं." रस्त्यात कोणीच नव्हतं.

पहिल्यांदा निघालेल्यांसाठी: शिआनला तट आधी, सैनिक नंतर. आणि बायकोला मागं बसवावं.

३० सप्टेंबर, दुपार, सूचौ

वेगवान गाडी म्हणजे काय ते आज कळलं. पोचायची वेळ पावणेचारची होती. आम्ही दीडलाच सूचौत.

झालं असं. मेहुणा झोपला होता, नवा दात काढून रुमालात. ही सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. मी डोळे मिटून कान उघडे ठेवले होते. बाईचा आवाज आला: पुढचं स्टेशन सूचौ. मी उठून दोघांना उठवलं. ही म्हणाली, इतक्यात कसं, अजून खूप वेळ आहे. मी म्हटलं, मी कानानं ऐकलंय, सूचौ आलं, उतरा. गाडी अशी थांबते न थांबते, दात हातात, बूट अर्धे पायात, आम्ही फलाटावर आणि गाडी गेली. आजीसाठी आणलेल्या बटाट्याच्या पिठाच्या शेवयांची पिशवी मात्र वरच्या फळीवर राहिली. ही अजून धुसफुसतेय. म्हटलं, दोन तास वाचले ते नाही दिसत कोणाला.

व्याहीबुवा गू बोलिन पावणेचारला स्टेशनवर न्यायला येणार आहेत. याओ कारखान्यात, तिथं फोन आत नेऊ देत नाहीत. दोन तास होते. म्हटलं शहर बघून घेऊ, म्हणजे व्याह्यांसमोर दोन गोष्टी बोलता येतील. नाही, फुशारकी नाही, नुसत्या गोष्टी.

सूचौबद्दल जे ऐकलं त्यात बराच मीठमसाला आहे, हे स्पष्ट लिहितो. स्टेशनच्या चारी बाजूंना शेतं. शांतता राहावी म्हणून शहर लांब ठेवलंय, ही कल्पना मला आवडली. टॅक्सीवाल्याला म्हटलं, कालव्याकाठी ने, ते जुने पूल, होड्या, दगडांच्या बागा. तो माझ्याकडं आरशातून बघत राहिला. मग म्हणाला, एक तळं आहे, दाखवू का? तळं पाहिलं. बरं आहे. काठावर म्हातारे पत्ते खेळत होते. एकाला विचारलं, बागा कुठं? तो म्हणाला, "ही काय, यातच बसलाय तुम्ही." रेशीम कुठं मिळतं विचारलं तर रजयांच्या दुकानात पाठवलं.

सूचौची माणसं मऊ, गोड बोलतात म्हणतात. मला तर ही थेट आपल्यासारखी रांगडी वाटली. व्याह्यांचं फोनवरचं बोलणं मला अर्धं कळत नाही, इथलं सगळं कळतंय. जवळ आल्यावर भाषा सोपी होत असावी.

पण कोंबडी! दर दहा पावलांवर भाजून-शिजवलेली अख्खी कोंबडी, हाडापासून मांस आपोआप सुटतं. आम्ही एक तिथंच संपवली, मेहुण्यानं दात न लावता. सूचौचं वर्णन करणाऱ्यांपैकी एकानंही कधी कोंबडीचं नाव घेतलं नाही. चांगली गोष्ट लोक लपवून ठेवतात. शेवया गेल्या म्हणून आजीसाठी चार कोंबड्या बांधून घेतल्या.

आता स्टेशनच्या पायरीवर बसून लिहितोय. व्याही येतीलच. हिनं पाटीकडं बघून विचारलं, "यात हे छप्पर कसलं?" मी म्हटलं, स्टेशन आहे, छप्पर असणारच.

३० सप्टेंबर, दिवेलागणी

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

पावणेचारला व्याह्यांचा फोन आला. मी म्हटलं, स्टेशनच्या दारात उभा आहे. ते म्हणाले, मीही दारातच. कुठलं दार? मोठं. इथंही मोठंच. हात वर करा म्हणाले. मी केला. हिनं केला. मेहुण्यानं टोपी काढून हलवली. ते म्हणाले, मीही हलवतोय, लाल छत्री आहे हातात, दिसत नाही का? आम्ही तिघं आणि ते एकटे, बराच वेळ एकमेकांना हात हलवत राहिलो. टॅक्सीवाले आम्हाला उलटे हात करायला लागले.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्यामागं काय दिसतं?"

"कोंबडीचं दुकान," मी म्हटलं. "त्याच्यामागं मका."

छत्री मिटल्याचा आवाज आला. मग अतिशय हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं: "व्याहीबुवा, पाटीवरचं पहिलं अक्षर वाचा बरं. त्याच्या डोक्यावर गवत आहे की छप्पर?"

मी मान वर केली. छप्पर होतं.

सूचौ दोन आहेत. बागांचं, कालव्यांचं, माझ्या पोरीचं सूचौ गवताच्या अक्षराचं, समुद्राकडं च्यांगसू प्रांतात. हे छपराच्या अक्षराचं, आन्हुई प्रांतात, त्याच रेल्वे रुळावर दोन तास अलीकडं. सूर वेगळा लावतात म्हणे, एक सपाट आणि एक खाली पडणारा. आमच्या डोंगरातल्या बोलीत दोन्ही एकाच सुरात म्हणतात. माझ्या कानाचा दोष नाही. कान जिथं तयार झाला तिथंच एक सूर कमी आहे.

ही हसेल की रडेल कळेना. ती फक्त पाटीकडं बघत राहिली. मेहुणा मात्र पायरीवर बसून पोट धरून हसत होता. छपराखाली एक माणूस आणि शंभराचा आकडा, असं ते अक्षर. अर्थ मुक्काम करणं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही नाही वाचलंत, पण त्यानं आधीच सांगितलं होतं."

आता मुद्द्याचं. उद्या दुपारी आजीचं जेवण. उद्या एक ऑक्टोबर, सगळा देश सुट्टीला निघालेला. खिडकीवर विचारलं: उद्याच्या एकाही गाडीत जागा नाही, उभं राहायलासुद्धा. बस भरलेल्या. टॅक्सीवाला तिकडं जायचं म्हणताच हसून निघून गेला. याओ कामावरून सुटली आणि तिचा फोन आला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, "त्यांच्या आईंना मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग, उद्या दुपारी टेबलावर असू. हे वाक्य बोलताना मात्र माझ्याकडं काहीच नव्हतं.

मग कान कामाला आले, हे लिहायलाच हवं. कोंबडीच्या दुकानामागं एक बाई व्हॅन भरत होती आणि फोनवर कोणाला तरी झापत होती: उद्याचं सुट्टीचं गिऱ्हाईक, माल वूशीला आणि पुढं सूचौला पोचवायचाय, आणि चालवणारा दारू पिऊन पडलाय. सूचौ म्हटल्यावर मी तिथल्या तिथं विचारलं, "गवताचं की छपराचं?" ती म्हणाली, गवताचंच, छपराच्या सूचौत तर उभीच आहे. तिचं नाव मियाओ. मी सांगितलं, मी चालवतो, फुकट, तुम्ही शेजारी झोपा, मागं माझी दोन माणसं बसतील. आयुष्य ट्रकवर गेलं, हेही सांगितलं. किती आयुष्य, कुठकुठली शहरं, सगळं.

ती म्हणाली, "काका, लायसन दाखवा. तोंड नको."

दाखवलं. पहाटे निघायचं ठरलं.

१ ऑक्टोबर, सूचौ (गवताचं, पाटी दोनदा वाचली)

पहाटे निघालो. मियाओबाई माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपल्या, मागं ही आणि मेहुणा, त्यांच्यामागं कोंबड्यांची खोकी छतापर्यंत. वर्षभरानं हातात स्टिअरिंग आलं. काय सांगू.

नानजिंगच्या अलीकडं महामार्ग तुंबला. पुढं लाल दिव्यांची रांग. लोक गाड्यांतून उतरून पराठे भाजतायत, एकानं घडीची खुर्ची मांडलेली. मी पहिल्याच फाट्याला खाली उतरलो. नदीकाठचा जुना रस्ता, ट्रकवाल्यांचा, अजून तसाच होता: विटांच्या भट्ट्या, बदकांची तळी, तोच वाकडा पूल. वूशीला खोकी उतरवली. मेहुणा हमाली करत होता आणि नव्या दाताला धक्का लागू नये म्हणून तोंड घट्ट मिटून होता. शिआनच्या त्या सैनिकासारखा.

बऱ्याच वेळानं ही मागून म्हणाली, "अहो, मला वाटायचं ट्रकवर तुम्ही असंच बडबडत असाल. तुम्ही तर गप्प असता."

मी म्हटलं, रस्ता बघावा लागतो. ती म्हणाली, "मग घरातपण एखादा रस्ता करून घेऊ." मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या विनोदावर माझ्याआधी हसला.

पोचलो तेव्हा बारा वाजून बरंच झालं होतं. कालव्याकाठी जुनं हॉटेल, वर माडीवर टेबल. खाली याओ उभी होती. जवळ येऊन तिनं वास घेतला आणि तिचा चेहरा पडला. आमच्या तिघांच्या कपड्यांत, केसांत, हिच्या नव्या बुटांत, सगळीकडं कोंबडी होती. आम्ही त्या वासासकट जिना चढलो.

वर सगळे थांबले होते, थाळ्या झाकलेल्या. विहीणबाई, तांग वेनज्वेन, दारापाशी. बारीक, ताठ, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी ठरवलं होतं, ट्रॅफिक म्हणायचं. सुट्टीचा दिवस, कोणीही मानलं असतं. पण त्यांनी विचारलं, "कुठं अडकलात?" आणि का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. कान, सूर, गाडी दोन तास लवकर आली म्हणून झालेला आनंद, तळं, "यातच बसलाय तुम्ही" म्हणणारा म्हातारा, छत्री, मका, छप्पर. एकही गोष्ट वाढवली नाही. वाढवायला जागाच नव्हती. याओ खाली बघत होती.

विहीणबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग भिंतीला हात टेकून हसायला लागल्या. थांबेचनात. व्याहीबुवांनी खुर्ची दिली, त्या बसल्या, आणि हसतच राहिल्या.

"मी भूगोल शिकवायची," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दर वर्षी फळ्यावर लिहायची, सूचौ दोन, नीट लिहा, नाहीतर भलत्याच गावी जाल. मुलं विचारायची, बाई, असं कोणी जातं का? मी म्हणायची, जातात. खोटंच सांगायची. आजवर एकही माणूस भेटला नव्हता."

"आता भेटला," मेहुणा म्हणाला. "सहकुटुंब."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाहून आजीनं काठी आपटली. तिला ऐकू कमी येतं, वास मात्र येतो. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, गूंच्या मुलानं सांगितलं: कोंबडीचा वास कुठून येतोय, आणि मला का नाही? चारी कोंबड्या उघडल्या. नव्वदीच्या वाढदिवसाला मागवलेले गोडसर मासे, कोळंबी, दीर्घायुष्याच्या लांब शेवया, सगळं बाजूला ठेवून आजी कोंबडीची तंगडी खात बसली आणि मधूनमधून हिच्या हातावर थोपटत राहिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. ही हाडं काढून देत होती.

मग हात न पुसताच आजीनं याओला जवळ ओढलं. कंकणं निघेनात, तिच्याच बोटांना इतका रस लागला होता की शेवटी तेच कामाला आलं, कंकणं सुळकन सरकली. विहीणबाई उठल्या, याओच्या मनगटावरचा रस आपल्या रुमालानं पुसला आणि रुमाल तिच्याच हातात दिला. हो म्हणाल्या की नाही ते मी ऐकलं नाही. याओ रडायला लागली त्यावरून समजलो.

२ ऑक्टोबर, सूचौ

आज सगळं खरं सूचौ. होडीत बसलो, नावाडीणबाईनं पुलाखाली गाणं म्हटलं. मेहुण्यानं तिला आमच्या डोंगरातल्या ऑपेरातलं एक गाणं म्हणून दाखवलं, काठावरच्या खिडक्या पटापट उघडल्या. दगडांच्या बागेत एका भोकातून दुसऱ्या भोकात लहान पोरांसारखे फिरलो. ही हरवली, मग हसण्यावरून सापडली. पहिल्यांदा निघालेल्यांसाठी: सूचौला संथ जावं, आणि आधी पाटी.

संध्याकाळी व्याह्यांच्या घरी बसून उद्याचं ठरवलं. उद्या शांघाय, इथून अर्ध्या तासावर. विहीणबाई म्हणाल्या, आम्ही दोघंही येतो, तुम्हाला दाखवतो. आता फुशारकीची बंदी उठली असं समजून मी म्हटलं, विहीणबाई, शांघाय मला दाखवायचं? तुम्ही माझ्यामागून चला. मेहुण्यानं लगेच माझी बाजू घेतली. म्हणाला, दाजी शांघायला जितक्या वेळा गेलेत तितका एकही अधिकारी गेला नाही. तो चेष्टा करत होता, पण वाक्य बरोबर होतं.

त्यांनी विचारलं, माल कुठं उतरवायचात? मी बाजाराचं नाव सांगितलं. त्यांनी कपाटातून शाळेतला जुना नकाशा काढला, टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चहाचे पेले ठेवले. बोट फिरत फिरत एका जागी थांबलं. बोट तिथंच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तो बाजार च्यांगसू प्रांतात येतो. मोठ्या ट्रकांना दिवसा पुढं सोडत नसत, म्हणून सगळा माल तिथंच उतरायचा. शांघायची हद्द त्याच्या पलीकडच्या ओढ्यानंतर सुरू होते. मी शांघायला कधीच गेलेलो नाही.